फोटोत जांभळी, घरी आली तर वांगी

येवल्याजवळच्या एका ताईंचं पत्र आहे. नाव-गाव त्यांच्या विनंतीवरून वगळलं आहे. तीन वर्षांपासून त्या आसपासच्या विणकरांकडून पैठण्या घेऊन ऑनलाइन विकतात. स्वतःची छोटी वेबसाइट, व्हॉट्सॲपचे दोन ग्रुप आणि इन्स्टाग्राम असा पसारा आहे. घरात एका वेळी दीडशेच्या वर साड्या असतात आणि फोनमध्ये, त्यांच्याच शब्दांत, "११ हजार फोटो, त्यातला हवा तो कधीच सापडत नाही." गेल्या सहा महिन्यांत ७० साड्या पाठवल्या, त्यातल्या ९ परत आल्या, आणि बहुतेकींची तक्रार एकच: फोटोतला रंग नाही. डोंबिवलीच्या एका बाईंनी तर पार्सलसोबत चिठ्ठी पाठवली, "फोटोत जांभळी होती, ही तर वांगी आहे." त्यात दिवाळीत एकच साडी दोघींना विकली गेली. दीर म्हणतात, नाशिकला मॉडेल घेऊन व्यवस्थित शूट करू. ६० साड्यांचे ८५ हजार सांगितले आहेत. यजमान म्हणतात, त्यापेक्षा चांगला कॅमेरा घे. रात्री साडेदहाला ग्राहक व्हिडिओ कॉलवर साडी दाखवायला सांगतात आणि सासूबाई वैतागतात. "मला फोटो काढताच येत नाहीत. हा धंदा माझा नाहीच का?" असं त्या विचारतात.

प्रिय ताई,

पत्रासोबत वेबसाइटचा पत्ता दिलात हे बरं केलंत, कारण पत्रातल्या तुम्ही आणि वेबसाइटवरच्या तुम्ही यांच्यात बराच फरक आहे. तिथल्या साड्या नीट घडी घातलेल्या, पदर सुरकुती न पडता पसरलेला, काठ सरळ ओळीत. हात नीटनेटका आहे तुमचा. गडबड दुसरीकडे आहे, आणि ती तुम्हीच पत्राच्या दुसऱ्या पानावर लिहून ठेवली आहे.

परत आलेल्या ९ साड्यांची यादी तुम्ही दिली आहे. त्यांचे रंग एकाखाली एक मांडा. वांगी, राणी, मोरपंखी, जांभळा, चिंतामणी, पुन्हा राणी, पुन्हा वांगी. उरलेल्या दोन: लाल, ती सुनेला आवडली नाही म्हणून परत आली; आणि लिंबू, तिच्यावर डाग होता. म्हणजे रंगावरून परत आलेल्या सातही साड्या निळ्या-जांभळ्या-गुलाबीच्या एकाच घराण्यातल्या आहेत. लाल, पिवळ्या आणि पोपटी साड्याही त्याच खोलीत, त्याच फोननं काढलेल्या; त्यांच्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नाही.

हे रंग कॅमेऱ्याला मुळातच जड जातात. वेबसाइटवरचे फोटो साधारणपणे एसआरजीबी नावाच्या ठरावीक रंगपट्टीत बसवलेले असतात. रेशमावरचा गडद मोरपंखी किंवा राणी पुष्कळदा त्या पट्टीबाहेर जातो, मग त्याच्या जागी जवळचा एखादा सोयीचा रंग येतो. त्यात हल्लीचे फोन अतिहुशार. समोर काय आहे याचा अंदाज बांधून ते आपणहून रंग चढवतात, सावल्या उजळतात. जेवणाच्या ताटाला ते शोभतं, वांगी रंगाची मात्र जांभळी होते. आणि तिसरी गोष्ट, "जेवणं उरकल्यावर, मागच्या खोलीत" फोटो काढता असं तुम्ही लिहिलं आहे. एका फोटोत वरच्या कोपऱ्यात देवघरातला पिवळा दिवा दिसतोय, डोक्यावर पांढरी ट्यूब. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात: आकडा लहान तितका उजेड पिवळा, मोठा तितका निळसर. दिवसाचा उजेड साधारण ५,५०० केल्विनचा, पिवळ्या बल्बचा २,७०० च्या आसपास, ट्यूबचा बहुधा ६,५०० च्या घरातला. फोन यातल्या एका उजेडाचा हिशेब करून रंग दुरुस्त करू शकतो. दोन उजेड एकत्र आले की साडीचा एक काठ खरा आणि दुसरा खोटा.

तेव्हा साड्या परत येतात त्या फोटो वाईट आहेत म्हणून, हे तुमचं गृहीतक मला उलटं करावंसं वाटतं. तुमचे फोटो साडीपेक्षा देखणे झाले आहेत. ८५ हजारांचं शूट केलंत तर ते आणखी देखणे होतील.

पानाच्या तळाशी तुम्ही बारीक अक्षरांत लिहिलं आहे की प्रत्यक्ष रंगात थोडा फरक असू शकतो. असू दे ते वाक्य, पण त्याच्या भरवशावर राहू नका. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार, वस्तू जशी दाखवली तशी नसेल तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, १४ हजारांची साडी घेणाऱ्या बाईला तळाची ओळ दाखवून आपण भांडण जिंकू, ग्राहक गमावू.

आता जरा दुकान आठवा, येवल्यातलं किंवा पुण्यातलं लक्ष्मी रोडवरचं, कुठलंही. गादीवर बसलेला माणूस साडी उलगडतो. समोरची बाई काय करते? आधी पदर हातात घेते. मग काठ अंगठा-बोटात धरून चोळते. मग साडी उलटी करून मागची बाजू बघते. मग खांद्यावर टाकून आरशात बघते. आणि शेवटी म्हणते, "जरा दारात नेऊन बघू का?" दुकानात कितीही दिवे असले तरी ती साडी दारात, उजेडात नेतेच. तिच्या आईनं तिला तेच शिकवलेलं असतं. ऑनलाइन दुकानात या बाईचे हात आपण काढून घेतले आहेत. फोटो आणि व्हिडिओंचं काम ते हात परत देण्याचं आहे. प्रत्येक फोटो तिच्या एकेका हालचालीला उत्तर देतोय का, एवढंच विचारत जा.

दारातल्या उजेडापासून सुरुवात करू. घरात उत्तरेकडे खिडकी असेल तर तुमचं निम्मं काम झालं, तिथे दिवसभर थेट ऊन न येता मऊ, सारखा उजेड मिळतो. (मे ते जुलैत आपल्याकडे सूर्य उत्तरेकडे कलतो, तेव्हा सकाळ-संध्याकाळ याही खिडकीत ऊन डोकावतं; ते दोन-तीन महिने दुपारची वेळ धरा.) उत्तरेला खिडकी नसेल तर कुठल्याही खिडकीला पांढरं, अगदी साधं धोतराचं कापड लावा. खोलीतले सगळे दिवे बंद, देवघरातलासुद्धा. पूजा आधी उरकून घ्या. खिडकीच्या समोरच्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तक्ता उभा केला की सावलीची बाजू उजळते. भिंत आणि चादर पांढरी किंवा करडी हवी. तुमच्या त्या गुलाबी भिंतीचा रंग साडीवर सांडतो.

फोनमध्ये फिल्टर, सौंदर्य मोड, दृश्य ओळखून रंग सुधारणारी सोय, जे काही बंद करता येईल ते बंद करा. जरीवर बोट दाबून धरलं की बहुतेक फोनमध्ये उजेड आणि फोकस तिथे कुलूपबंद होतो. मग उजेड थोडा कमी करा. नाहीतर जरीचं काम पांढरंफटक येतं आणि सोन्याचा कस जातो. फोटो स्टुडिओचं सामान मिळतं तिथे करड्या रंगाचं एक कार्ड मिळतं. पहिल्या फोटोत ते साडीवर ठेवा, आणि फोटो दुरुस्त करणाऱ्या ॲपमध्ये त्या कार्डावर टिचकी मारून पांढरेपणा ठरवा. तीच दुरुस्ती त्या साडीच्या सगळ्या फोटोंना लावा. झेरॉक्सचा कागद कार्डाऐवजी वापरू नका, त्यात शुभ्र दिसण्यासाठी निळसर चमक घातलेली असते. एवढं करून शेवटी साडी खिडकीत आणि फोन शेजारी धरून डोळ्यांनी ताडा. जांभळ्या घराण्यातल्या साड्यांना तरी ही शेवटची पायरी चुकवायची नाही.

तरीही पैठणीचा एक गुण फोटोत येणार नाही, आणि तो दोष तुमचा नाही. ताणा, म्हणजे उभा धागा, एका रंगाचा; बाणा, म्हणजे आडवा, दुसऱ्या. साडी हलली की रंग पालटतो, त्यालाच आपण धूपछांव म्हणतो. अशा साडीचा 'खरा रंग' एका फोटोत मागणं म्हणजे पाण्याचा आकार विचारणं. मला शंका आहे की डोंबिवलीच्या बाईंची साडी अशीच असावी, एका कोनातून जांभळी आणि दुसऱ्यातून वांगी. तिथे व्हिडिओ लागतोच.

व्हिडिओ म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे गाणं, झगमग आणि गिरक्या येतात हे पत्रावरून कळलं. ते इन्स्टाग्रामसाठी राहू दे. साडीच्या पानावर हवा तो व्हिडिओ २० ते ३० सेकंदांचा आणि अगदी कंटाळवाणा. फोन टेकवून ठेवायचा, खिडकीजवळ दोन हातांनी पदर धरून तो सावकाश डावीकडून उजवीकडे कलता करायचा, मग काठ जवळून, मग उलटी बाजू. गाणं नको, बरेच जण आवाज बंद ठेवूनच बघतात. बोलायचं असेल तर तीन वाक्यं बोला: रंग काय, वीण कुणाची, ब्लाउजपीस आहे का. व्हिडिओचा दर्जा १०८०पी पुरे, त्याहून बारीक फोरकेनं फक्त ग्राहकाचा डेटा जातो. आणि पान उघडल्याबरोबर व्हिडिओ आपोआप सुरू होऊ देऊ नका.

फोटो किती हवेत? माझा हिशेब सहा ते आठ. पहिला, घडीची साडी, पदर आणि काठ दोन्ही दिसतील असा. मग पूर्ण पदर. मग काठ इतका जवळून की धागे मोजता यावेत. अंगावरची बुट्टी, शेजारी एक रुपयाचं नाणं किंवा बोट, म्हणजे ती केवढी ते कळेल. ब्लाउजपीस. नेसल्यावर कशी दिसते. त्यासाठी मॉडेल नको, तुमची जाऊ किंवा शेजारीण चालेल, चेहरा न दाखवताही चालेल.

आणि उलटी बाजू. तुमच्या वेबसाइटवर एकाही साडीची ती नाही, याचं मला खरंच नवल वाटलं. हातमागावरच्या पैठणीच्या पदराची मागची बाजू जवळजवळ पुढच्यासारखीच स्वच्छ असते, कारण प्रत्येक रंगाचा धागा आपापल्या जागी गुंतवून नक्षी विणलेली असते. यंत्रावरच्या नकलेत मागे धाग्यांचं जाळं लोंबतं, नाहीतर ते कापलेलं दिसतं. तुमचा विणकर ज्या कामापायी आठवडे-महिने मागावर बसतो, त्याचा पुरावा साडीच्या पाठीवर आहे आणि आपण तो घडीत झाकून ठेवतो! सिल्क मार्क किंवा हँडलूम मार्कचं लेबल असेल तर त्याचाही एक फोटो. ही दोन चित्रं तुमच्यात आणि सेमी पैठणी, म्हणजे यंत्रावरची नक्कल, विकणाऱ्यात जितका फरक दाखवतील तितका कुठलंही शूट दाखवणार नाही.

आता पैशाचा प्रश्न. ८५ हजारांत ६० साड्या, म्हणजे साडीमागे १,४०० रुपयांच्या वर. चपलेचं किंवा साबणाचं दुकान असतं तर मी कदाचित हो म्हटलं असतं; तिथे एकदा काढलेला फोटो हजार नग विकतो. तुमची प्रत्येक साडी एकुलती एक. ती विकली गेली की तिचा फोटोही निवृत्त झाला. दर महिन्याला नव्या साड्या येणार, मग दर महिन्याला नाशिक? दिरांची कल्पना टाकाऊ नाही, आकडा मोठा आहे. तुमचे विणकर जे रंग आणि नक्षी पुन्हा पुन्हा विणतात अशा आठ साड्या निवडा, त्यांचंच शूट करा. ते फोटो मुख्य पानावर वर्षभर राहतील, आणि खाली लिहा की अशी साडी मागणीनुसार विणून मिळेल. फोटोग्राफरशी आधी लेखी ठरवा: मूळ फाइल्स मिळणार का, फोटोंवर हक्क कुणाचा, रंगात आणि नक्षीत फेरफार करायचा नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा असतो, पण उलट करार नसेल तरच. त्यामुळे सही करण्याआधी कागद वाचा.

फेरफाराचं मी उगाच म्हणत नाही. एका दुकानासाठी मी काम करत असताना एका शूटमध्ये पदराच्या चुण्या 'साफ' करताना दोन मोरांमधली मोकळी जागाच नाहीशी झाली होती. मोर चिकटून बसले. ग्राहक बाईंच्या ते दहा सेकंदांत लक्षात आलं, आम्हा चौघांच्या महिनाभर नाही. आता तर संगणकानं बनवलेल्या मॉडेलला तुमची साडी नेसवून देणारी ॲप्स आली आहेत. चपखल दिसतं, पण ते सॉफ्टवेअर नक्षी पुन्हा स्वतःच्या मनानं काढतं. बांगडी मोराचा, म्हणजे बांगडीसारख्या गोलातल्या मोराचा, मेंढा होतो कधीकधी. पैठणीसाठी ते वापरू नका. वापरलंच तर चित्र काल्पनिक आहे असं त्याच्यावरच लिहा.

कॅमेऱ्याबद्दल यजमानांना सांगा, पुढच्या वर्षी बघू. गेल्या चार-पाच वर्षांतला बरा फोन १२ मेगापिक्सेलचा, म्हणजे साधारण ४,००० बाय ३,००० ठिपक्यांचा फोटो देतो. वेबसाइटवर याच्या निम्माही लागत नाही. आज घ्यायचंच असेल तर फोनची तिवई (ट्रायपॉड) घ्या.

पण दिवाळीत एक साडी दोनदा विकली गेली, तिचं कारण फोन नव्हता आणि उजेडही नव्हता. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात गंभीर वाटलेली गोष्ट ही, आणि तुम्ही ती दोन ओळींत उरकली आहे. वेबसाइटवरून ती साडी पुण्याला गेली, आणि चार महिन्यांपूर्वी ग्रुपवर टाकलेला तिचाच फोटो पुढे पुढे जात सोलापूरला पोचला. त्या बाईंनी पैसे पाठवले, तुम्ही फोटो ओळखला नाही, आणि "तशीच" दुसरी दिली. बरोबर?

फोटो एकदा ग्रुपवर टाकला की तो परत बोलावता येत नाही. तो गावोगाव हिंडतो, आणि हिंडताना त्याच्यासोबत किंमत नसते, तारीख नसते, साडी शिल्लक आहे की गेली हेही नसतं. म्हणून ग्रुपवर फोटोसोबत साडीच्या पानाची लिंक टाकायची सवय लावा, आणि फोटोच्या कोपऱ्यात साडीचा नंबर छापा. फोटो कुठेही पोचू दे, लिंक उघडली की "विकली गेली" दिसतं. लिंक हरवली तरी नंबर आहे.

नंबर म्हणजे सगळ्याचं मूळ. साडी घरात आली की पहिलं काम: तिला नंबर, आणि त्या नंबराची सुती दोऱ्यात अडकवलेली चिठ्ठी. समजा २१४. फोटो काढताना सर्वांत आधी त्या चिठ्ठीचा फोटो, मग साडीचे. रात्री फोटो संगणकावर घेताना दोन चिठ्ठ्यांमधले सगळे फोटो एका साडीचे, हे डोळे मिटून कळतं. प्रत्येक साडीचं एक फोल्डर, त्याला तोच नंबर. फाइलची नावंही तशीच: २१४-पदर, २१४-काठ, २१४-उलटी, फक्त संगणकावर ती रोमन लिपीत आणि मध्ये जागा न सोडता लिहा, कारण देवनागरी नावांचे वेबच्या पत्त्यात लांबलचक चिन्हांचे डोंगर होतात. फोटो फोनमधून संगणकावर व्हॉट्सॲपनं पाठवत असाल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबून लहान केला जातो. आयफोन असेल तर सेटिंगमध्ये फोटोच्या फाइलचा साधा प्रकार, जेपीईजी, निवडा; काही वेबसाइटना आयफोनची एचईआयसी प्रकारची फाइल पचत नाही.

मग एक साधी एक्सेलची वही. नंबर, विणकर, खरेदी किंमत, फोटो झाले का, व्हिडिओ झाला का, आणि सगळ्यात महत्त्वाचा रकाना: कुठे कुठे टाकली. साडी विकली गेली की तो रकाना वाचत जायचं आणि एकेका ठिकाणाहून उतरवायची. हे काम सासूबाईंना द्या असं मी सुचवणार होते. पत्रात त्या जशा दिसतात, त्यावरून हिशेबाची वही त्यांच्या हातात सुरक्षित राहील, आणि रात्रीच्या कॉलवरचा राग थोडा सत्कारणी लागेल.

विकलेल्या साडीचं पान पुसू नका. वर "विकली गेली" लिहा, खाली तशाच शिल्लक साड्यांकडे वाट दाखवा. गूगलवरून त्या पानावर येणारी माणसं तुम्हाला फुकट मिळालेली गिऱ्हाइकं आहेत. फोटोही ठेवा, वेगळ्या फोल्डरमध्ये. महिन्याभरानं वाद निघाला तर हाताशी असतात. त्याच कारणानं, पार्सल बांधण्याआधी नंबराची चिठ्ठी दिसेल असा साडीचा दोन्ही बाजूंचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढायचा. त्या लिंबू साडीवरचा डाग तुमच्या घरचा की त्यांच्या, हे आज तुम्हाला सांगता येत नाही.

११ हजार जुन्या फोटोंचं काय? काही नाही. ते आवरायला बसलात तर दसरा येईल. ते सगळे एका हार्ड डिस्कवर 'जुने' नावानं टाका आणि विसरा. घरात आत्ता असलेल्या साड्यांनाच नंबर द्या, रोज आठ-दहा. दीडशे साड्या पंधरा-वीस दिवसांत होतात. मूळ फोटो तीन ठिकाणी हवेत: संगणक, हार्ड डिस्क आणि इंटरनेटवरची एखादी साठवण. फोन हे ठिकाण धरायचं नाही, तो एक दिवस विहिरीत पडतो.

वेबसाइटवर चढवताना मूळ फोटो चढवू नका, त्याची लहान प्रत चढवा. तुमच्या मुख्य पानावर मी २४ साड्या मोजल्या, प्रत्येक फोटो ४-५ एमबीचा. म्हणजे नुसतं पान उघडायला ग्राहकाचे शंभरेक एमबी. लांब बाजू २,००० ठिपके ठेवली की मोठं करून धागा बघता येतो, आणि वेबपी किंवा जेपीईजीमध्ये फाइल बहुधा अर्ध्या एमबीच्या आत बसते. पानातला मुख्य मजकूर किंवा चित्र अडीच सेकंदांत दिसावं असा गूगलचा निकष आहे. माझ्याकडे तुमचं पान उघडेपर्यंत चहा गाळून झाला. सगळ्या फोटोंचा आकार एकच ठेवा, चौरस किंवा उभा, म्हणजे पान दातपडक्या तोंडासारखं दिसणार नाही. जेपीईजी दर वेळी दुरुस्त करून जपून ठेवली की थोडी झिजते, म्हणून दुरुस्ती नेहमी मूळ फोटोवरून करायची. अजून एक: बऱ्याच वेबसाइटांवर साडी काढून टाकली तरी तिचे फोटो मागे साठवणीत पडून राहतात आणि जागा खातात. वर्षातून दोनदा तिथे झाडू मारा.

फोटोचं वर्णन लिहायची एक रिकामी चौकट असते, ती तुम्ही सगळीकडे मोकळी सोडली आहे. दृष्टिहीन माणसाचा फोन तेच वाचून दाखवतो आणि गूगललाही चित्र कळायला त्याची मदत होते. "राणी रंगाची हातमाग पैठणी, हिरवा काठ, पदरावर चार बांगडी मोर" एवढं पुरे. रंगाचं नाव लिहिताना सोबत एखादी ओळखीची वस्तू लिहा. चिंतामणी म्हटल्यावर नागपूरच्या बाईच्या आणि कोल्हापूरच्या बाईच्या डोळ्यांपुढे एकच रंग येईल याची खात्री नाही. जांभळ्याला "पिकलेल्या जांभळाच्या सालीसारखा" म्हटलं की वाद मिटतो.

एक अवघड गोष्ट. तुमच्या वेबसाइटवरचे दहा-बारा फोटो मला दुसऱ्या दोन दुकानांतही दिसले. तुमचे त्यांनी घेतले, की व्यापाऱ्यानं तिघांनाही तेच पाठवले? तुमचे असतील तर त्या ठिकाणी तक्रारीची सोय असते. तुमच्या फोल्डरमधला मूळ, मोठा फोटो हाच पुरावा. नावाचा शिक्का कोपऱ्यात लहान टाका, पदरावर आडवा नको. पण फोटो व्यापाऱ्याकडून आले असतील तर ते आजच काढा. जी साडी तुम्ही हातात घेतली नाही तिचा रंग तुम्ही कसा सांगणार?

हे वाचणाऱ्यांत लोणची, कोल्हापुरी चपला, मातीची भांडी विकणाऱ्याही पुष्कळ असतील. बायका तुमच्याकडे काय हाताळून बघतात, तेवढंच बदला. चपलेचा तळ आणि मोजपट्टी, भांड्याशेजारी तळहात, बरणीच्या मागचं लेबल वाचता येईल असं. तुमचा नग एकसारखा असेल तर एकदाच चांगला खर्च करा. मोठ्या बाजारपेठांवर विकत असाल तर त्यांचे नियम आधी वाचा; ॲमेझॉनला पहिला फोटो शुभ्र पार्श्वभूमीवर लागतो आणि वस्तूनं चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापावा लागतो.

रात्रीचे कॉल मात्र फोटोंनी पूर्ण थांबणार नाहीत. १४ हजार देणारीला माणसाचा आवाज ऐकायचा असतो. सकाळी ११ ते १ ही वेळ जाहीर करा, वेबसाइटवर लिहा, आणि साडेदहाला कुणी विचारलं तर "उजेडात दाखवते, उद्या अकराला" एवढंच कळवा. ट्यूबच्या उजेडात दाखवलेली साडी पुन्हा परत येणारच आहे.

डोंबिवलीहून परत आलेली ती साडी अजून कपाटात आहे ना? उद्या सुरुवात तिच्यापासून करा. तिला १ नंबर द्या, दिवे मालवा, खिडकीपाशी न्या, पदर हलवत व्हिडिओ घ्या आणि जुना फोटो शेजारी ठेवून बघा. वर्णनात लिहा, "उन्हात जांभळी, सावलीत वांगी." मग तोच व्हिडिओ त्या बाईंनाही पाठवा. घ्या म्हणून नाही. नुसतं विचारा, तुम्ही हातात धरली होती ती अशीच दिसत होती का. काय उत्तर येतं ते मला कळवा.